कपाट वेगळे, कारकून वेगळा

एका कचेरीत दहा कारकून आहेत आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचे स्वतःचे कपाट आहे, असे समजू. काही विचारणा आली की प्रत्येक जण आपल्या कपाटातील नोंदी तपासतो आणि मग दहा उत्तरांची बेरीज होते. काम झटपट उरकते. पण अकरावा कारकून आला की सारे कागद अकरा कपाटांत नव्याने लावावे लागतात. काम नाही म्हणून एखाद्याला घरी पाठवावे, तर त्याच्या कपाटालाही कुलूप!

मोठ्या माहितीसाठ्यांसाठी १९८० च्या दशकापासून वापरात आलेली एक संगणकरचना अशीच होती. प्रत्येक संगणकाची डिस्क त्याची त्याची, माहिती सर्वांत वाटलेली. महिनाअखेरच्या हिशेबापुरते लागणारे संगणकही त्यामुळे महिनाभर चालू ठेवावे लागत.

२०१२ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या स्नोफ्लेक या कंपनीने वेगळा मार्ग धरला. माहिती ॲमेझॉनने २००६ मध्ये सुरू केलेल्या एस-३ या सामाईक कोठारात ठेवायची. आकडेमोड करणारे संगणक लागतील तेवढे भाड्याने घ्यायचे आणि काम संपताच सोडून द्यायचे.

मग हे सर्वांनी आधीच का केले नाही? कारण कोठार दूर असते. गूगलच्या ड्रेमेल या प्रणालीत साठवण अशी वेगळी करून पाहिली, तेव्हा पहिल्या प्रयोगात वेग सुमारे दहापटीने घटला, असे तिच्या निर्मात्यांनीच २०२० मधील शोधनिबंधात नमूद केले आहे.

उपाय एकच, कोठारातून कमीत कमी आणणे. म्हणून माहिती ओळींऐवजी स्तंभांनुसार मांडतात; फक्त गुण हवे असतील तर नावे आणावी लागत नाहीत. शिवाय प्रत्येक फायलीतील लहानात लहान व मोठ्यात मोठी किंमत नोंदलेली असते. १५ जूनची नोंद शोधताना जुलैची फाईल उघडायचीच नाही. आम्हांला सर्वांत चतुर वाटते ती आणखी एक अट: लिहिलेली फाईल खोडायची नाही, बदल असल्यास नवी लिहायची. त्यामुळे संगणकाने जवळच्या डिस्कवर ठेवलेली फायलीची प्रत कधी चुकीची ठरत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. शंभर चिठ्ठ्यांवर वर्षातील निरनिराळ्या तारखा लिहा. त्या क्रमाने दहा पाकिटांत भरा आणि प्रत्येकावर पहिली व शेवटची तारीख लिहा. आता एक तारीख शोधताना किती पाकिटे उघडावी लागली ते मोजा. मग चिठ्ठ्या पिसून पुन्हा भरा, पाकिटांवरील तारखा नव्याने लिहा आणि पुन्हा मोजा.