केनियाच्या रानातला पट्टेवाला

पट्टेवाला म्हटले की कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण केनियाच्या डोंगरी अरण्यात एक निराळाच पट्टेवाला नांदतो. त्याचे नाव बोंगो. आपल्या नीलगाईच्या दूरच्या नात्यातला हा प्राणी. तांबूस अंगावर दहा ते पंधरा पांढरे उभे पट्टे, छातीवर पांढरी चंद्रकोर आणि पिळदार शिंगे! नर वजनाला ४०० किलोपर्यंत भरतो. त्याच्या भाऊबंदांपैकी कुडूच्या मादीला शिंगे नसतात. बोंगोच्या मादीला मात्र असतात.

एवढा नटलेला प्राणी लपणार तरी कसा, असे तुम्हांला वाटेल. पण बांबूच्या दाट बनात उन्हाचे कवडसे पडले, की हेच पट्टे त्याला दृष्टीआड करतात. जरा चाहूल लागली, की स्वारी शिंगे पाठीशी टेकवून जाळीत घुसते. शिंगे घासून घासून काहींच्या पाठीवरचे केसदेखील गेलेले असतात! खाण्याची आवडही अजब. कोवळ्या पाल्याबरोबर वीज पडून जळलेल्या लाकडाचा कोळसाही तो चघळतो.

बोंगोचे मांस खाल्ले तर फेफरे येते, असा पूर्वी तिकडे काही ठिकाणी समज होता. त्या भीतीने त्याला पुष्कळ सांभाळले. पण १८९०च्या दशकात गुरांच्या बुळकांडीने त्याची मोठी हानी केली. पुढे भीतीही ओसरली; फासे आणि शिकारी कुत्रे आले, रान तुटत गेले. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या सखल अरण्यांत त्याचे भाऊबंद अजून बरेच आहेत. केनियाच्या रानात मात्र डोंगरी बोंगो शंभरसुद्धा उरलेले नाहीत.

सुदैवाने काही बोंगो पूर्वीच पकडून अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेले होते. तेथे त्यांचा वंश वाढला. २००४ साली त्यांतले अठरा विमानाने माउंट केनियाच्या पायथ्याशी परत आणले. तेथे जन्मलेल्या पिढीला हळूहळू माणसापासून दूर ठेवण्यात आले आणि २०२२ साली पहिले काही बोंगो मविंगूच्या राखीव रानात सोडले. २०२५ साली फ्लॉरिडाहून आणखी सतरा आले.

आता कसोटी पुढेच आहे. माणसाच्या हातून चारा खाल्लेल्यांच्या या नातवंडांना माणसाची भीती वाटायला हवी. कचेरीतला पट्टेवाला हाक मारताच समोर यावा. हा पट्टेवाला मात्र आपली चाहूल लागताच पळाला, तरच तो जगला म्हणायचा!