टोमॅटोच्या पोटात बी का रुजत नाही?

पिकलेला टोमॅटो कापला की आत नुसता रसच रस! त्यात शेकडो बिया पोहत असतात. पाणी आहे, ऊबही आहे, मग या बिया तिथंच का रुजत नाहीत बरं? त्याच बिया धुऊन मातीत टाकल्या, तर आठवडाभरात कोवळे कोंब वर येतात!

बियांना अडवून धरतं ते टोमॅटोचं फळच. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत गर असतो. त्यात साखर आणि क्षार इतके विरघळलेले असतात, की बीला हवं तेवढं पाणी शोषता येत नाही. शिवाय अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं एक द्रव्य असतं, ते तर रुजणंच थांबवतं. एखादी क्रिया मंदावणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या अशा गोष्टीला इंग्रजीत ‘इन्हिबिटरी’ म्हणतात.

या द्रव्याच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. 1960 नंतर अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट कपाशीची कोवळी बोंडं का गळतात ते शोधत होते. तिकडे ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग यांना झाडांचे अंकुर थंडीत कसे झोपी जातात, हे कोडं पडलं होतं. प्रश्न दोन, पण दोघांच्या हाती लागलं एकच द्रव्य!

पण बी न रुजण्यामागे खरंच त्याचाच हात आहे कशावरून? टोमॅटोच्या काही वाणांमध्ये हे द्रव्य फारच कमी तयार होतं. त्यांची फळं जास्त पिकली की बियांना आतल्या आत मोड येतात. बिचाऱ्या मुळांना तिथं माती कुठून मिळणार?

कोकणातल्या खाडीकाठच्या कांदळाचं मात्र उलट असतं. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं खाली लोंबतं. ओहोटीच्या वेळी गळून पडलं, तर थेट चिखलात उभं रुतू शकतं. अशा बियांमध्ये अ‍ॅब्सिसिक आम्ल कमी असतं, असं शास्त्रज्ञांना आढळलंय.

आता तुम्हीच करून बघा. टोमॅटोच्या बिया राखेत चोळून स्वच्छ धुवा. दोन बशांत टिपकागद ठेवा. एक कागद पाण्याने भिजवा, दुसरा टोमॅटोच्या गाळलेल्या रसाने. दोन्हींवर सारख्याच बिया पसरा, कागद वाळू देऊ नका आणि कुठल्या बशीत किती बिया रुजल्या ते रोज वहीत लिहा.