काचेचं जन्मगाव

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक आहे. नदीने कापलेल्या तिथल्या दरडीत फिकट राखेचा एक थर दिसतो. त्यातली चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की दिसतात काचेचे धारदार, बारीक कपचे. त्यांच्या रासायनिक घडणीवरून मूळ सापडलं ते थेट सुमात्रा बेटावर, तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. तोबा ज्वालामुखीची ही राख. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की कित्येक लाख वर्षं जुन्या उद्रेकाची, यावर संशोधक अजून भांडतात. जन्मगावाबद्दल मात्र वाद नाही.

माणसाने केलेली काचही अशीच चुगलखोर. वाळू आणि क्षार जिथले, तिथली मूलद्रव्यं तिच्यात कायमची अडकतात. रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उत्खननात सापडलेले मणी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेजारीशेजारी तपासले गेले. दोन्हीकडे सोडा-ॲल्युमिना काच निघाली, त्यातही युरेनियमचा अंश ठळक असलेली. समुद्र ओलांडला तरी घराणं लपलं नाही.

हे मणी ओढीव. वितळलेल्या काचेची लांब, पोकळ नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि कडा गोल व्हाव्यात म्हणून राखेत घोळून पुन्हा तापवायचे. आंध्रातल्या पापानायडूपेटला ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. जुन्नर-घोडेगावच्या बाजारात काळी पोत ओवून मिळते, तिच्यातले बारीक काचमणीही मुळात अशा नळीचेच तुकडे.

पश्चिम आफ्रिकेत, घानातल्या क्रोबो कारागिरांचा हिशेब निराळा. ते फुटक्या बाटल्या कुटतात, पूड चाळतात आणि मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरतात. भोकासाठी प्रत्येक खळग्यात कसावाच्या पानाचा देठ उभा करतात. कसावा म्हणजे तेच झाड, ज्याच्या कंदापासून आपल्या उपवासाचा साबुदाणा होतो. भट्टीत देठ जळून जातो, भोक उरतं. पूड पुरती वितळत नाही. कण तेवढे एकमेकांना धरतात. नंतर मणी वाळू-पाण्यात दगडावर घासून गुळगुळीत करतात.

इथे रसायनशास्त्राची पंचाईत होते. असा मणी तपासला, तर तो बाटलीच्या कारखान्याची साक्ष देतो, मणी घडवणाऱ्या गावाची नाही. भंगाराचं सोनं करणाऱ्या कारागिराचं नाव त्या आकड्यांत कुठेच येत नाही. मग त्याचा हात शोधायचा तो मण्याच्या अंगात: पुडीच्या मण्याचा पोत दाणेदार असतो, तर ओढीव मण्यातले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबलेले असतात.

घरात जुनी, तुटलेली पोत असेल, तर तिच्यातला एखादा मणी भिंगाखाली धरून बघा.