अंड्यावाचून खुसखुशीतपणा

ओटची बिस्किटे घरी करावयाची म्हटले की कृतीत अंडे येते, आणि आपल्या घरांत हा विषय तेथेच संपतो. वास्तविक या अडचणीची तोड सुरतेच्या एका व्यापाऱ्याने फार पूर्वीच काढून ठेविली आहे.

सुरतेस डचांची वखार होती. तेथील भट्टी पुढे फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. त्या मालात ताडी व अंडे असल्यामुळे स्थानिक लोक तो घेईनात. तेव्हा त्यांनी दोन्ही वगळली आणि त्यातून नानखटाई जन्मास आली, अशी हकीकत सांगतात. गिऱ्हाइकाच्या आचारास मान दिल्याने माल उणा होत नाही, नवा माल निपजतो, हा बोध आम्हां व्यापाऱ्यांस त्यात आहे.

हीच रीत ओटलाही लागू पडते. दूधगंगेकाठच्या सदलग्यात ओट दुकानातून आणावा लागेल. परंतु गूळ, कणीक व तूप ही तर आपल्या घरातलीच. ओटचे पोहे 1 वाटी घेऊन कोरडे भाजावे व जाडसर कुटावे. त्यात कणीक 1 वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी, खावयाचा सोडा पाव चमचा व वेलची घालून अर्धी वाटी तुपाचे मोहन चोळावे. मोहनाने कणकेचा चिवटपणा मोडतो, ओट ओलावा धरून मिश्रण सांधतो आणि गुळातील किंचित आंबटपणाने सोडा फुलतो. अंड्यास काही कामच उरत नाही. दोन-तीन चमचे दुधाने गोळा बांधून चपट्या वड्या थापाव्या.

जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर व तिवई ठेवून, झाकण घालून ते 10 मिनिटे तापवावे. मग वड्यांची ताटली आत ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे भाजावे. काढताना वड्या मऊ लागतात. निवल्यावर खुसखुशीत होतात.

पिठाची मर्यादा, म्हणजे हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 व पावसाळ्यात 3 दिवस, काटेकोर पाळणाऱ्या घरांनी ओटऐवजी ताज्या दळणाचे ज्वारीचे पीठ घ्यावे व दूध चमचाभर वाढवावे.

बाजारच्या पुड्यावरील हिरवी खूण आत अंडे नाही एवढे सांगते. पीठ केव्हा दळले, हे सांगत नाही. म्हणून आपल्यापैकी जे ‘घरगुती’ म्हणून असा माल विकतील, त्यांनी तेही पुड्यावर लिहावे, अशी आमची विनंती आहे. गिऱ्हाईक त्या एका शब्दावर विश्वासून पैसे मोजते.