तीन वर्षांनी पोरगं कुठं आहे?

संडरलंड, इंग्लंड

गेल्या मंगळवारी मुलीच्या शाळेत जाऊन आलो. इथली अकरावी म्हणजे आपली दहावी. करिअर सल्लागार बाईंनी तिला पाऊण तास दिला. मलाही बोलावलं होतं, पण बोलायला नव्हे. "तुला काय वाटतं?" असं त्या तिलाच विचारत राहिल्या. मुळशीच्या बापाला तोंड मिटून बसणं किती जड जातं, ते त्या पाऊण तासात कळलं.

ही काही आमच्या शाळेची मेहेरबानी नव्हे. सोळा वर्षांचं होईपर्यंत एकदा आणि अठरापर्यंत आणखी एकदा, प्रत्येक मुलाची प्रशिक्षित सल्लागाराशी भेट व्हावी असा इथला दंडक आहे. २०१२ मध्ये सरकारनं करिअर मार्गदर्शनाची जबाबदारी शाळांच्या गळ्यात टाकली, पण त्यासाठी वेगळे पैसे दिले नाहीत. व्हायचा तो गोंधळ झाला. मग २०१४ मध्ये गॅट्सबी प्रतिष्ठानसाठी सर जॉन होलमन यांनी चांगल्या मार्गदर्शनाचे आठ निकष मांडले. पुढच्याच वर्षापासून आमच्या ईशान्य इंग्लंडमधल्या सोळा शाळा-कॉलेजांत ते वापरून पाहिले गेले, आणि २०१८ पासून देशभरच्या शाळांसाठीच्या सरकारी सूचनांत आले.

या गावात एके काळी असल्या सल्ल्याची गरजच नव्हती. बाप कोळशाच्या खाणीत असेल तर पोरगा खाणीत, बाप गोदीत तर पोरगा गोदीत. १९८८ मध्ये जहाजबांधणी संपली, १९९३ मध्ये मंकवेअरमाउथची खाण बंद पडली. त्या खाणीच्या जागेवर आज फुटबॉलचं स्टेडियम आहे. ते पाहताना मला आपले मुळशी-मावळातले डबेवाले आठवतात. गावातला कुणी आधी मुंबईला गेलेला असायचा, त्याच्या शब्दावर पुढचा पोरगा डब्यांच्या लाइनीत लागायचा. तेच आपलं मार्गदर्शन केंद्र. त्या शब्दाला किंमत होती, कारण पोरगा टिकला नाही तर आणणाऱ्याचं तोंड काळं व्हायचं.

इथल्या आठ निकषांतला मला सगळ्यांत आवडलेला भाग नेमका हाच, फक्त कागदावर आणलेला. शाळा सोडल्यावर निदान तीन वर्षं प्रत्येक मूल कुठं आहे, शिकतंय, काम करतंय की घरी बसलंय, याची नोंद शाळेनं ठेवायची. सल्ला कसा वाटला हे त्याच दिवशी विचारलं तर सगळे गोडच बोलतात. खरं काय ते तीन वर्षांनी कळतं.

तरी इथलंही सगळं सोवळं नाही. कुठला निकष पुरा झाला हे शाळा स्वतःच एका ऑनलाइन फॉर्मवर ठरवते. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची, असा प्रकार. डर्बी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या सोळा संस्था तपासल्या. निकष जितके जास्त पुरे, तितकी मुलांची तयारी बरी, असं त्यांना आढळलं. पण पोराला नोकरी लागली ती बाईंच्या सल्ल्यानं, की इथल्या निसानच्या कारखान्यात भरती निघाली म्हणून? हे वेगळं काढणं कुणालाच सोपं नाही.

आणखी एक निकष वाचताना मुळशी डोळ्यांपुढून हलत नाही. अकराव्या वर्षापासून दरवर्षी निदान एकदा, मुलाची प्रत्यक्ष काम देणाऱ्यांशी गाठ घालून द्यायची. आपल्या तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, लवळ्याला विद्यापीठं आहेत. इंग्रजांच्या पोरांना हेवा वाटावा इतकं सगळं एका तालुक्यात! आणि ताम्हिणीकडचं पोरगं ते एसटीच्या खिडकीतून बघतं.

आपल्याकडे २०१६ मध्ये राज्यानं दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. लाखो मुलांचा कल मोजायचा, तोही फुकट, हे लहान काम नव्हे. त्याला नावं ठेवणार नाही. पण अहवाल हातात पडल्यावर पुढं काय? शाळेतून आल्यावर मी पौडला चुलतभावाला फोन लावला. त्याचा मुलगा त्या पहिल्याच वर्षीचा.

"काय आला होता रे त्याचा कल?"

"गणवेशधारी सेवा. पोलीस भरतीला दोनदा उतरला, नाही जमलं."

"मग आता?"

"हिंजवडीत सिक्युरिटी सुपरवायझर हाय. गणवेश मिळाला की!"

"नंतर कुणी चौकशी केली का त्याची? शाळेतून वगैरे?"

"केली ना. लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तवा सरांनी इचारलं."