मांडवातले गाणे, मोबाइलमधले गाणे

नेरळ-कळंब रस्त्याला लागले की फार्महाउसच्या पाट्या दिसू लागतात. पूर्वी हळद घराच्या अंगणात लागायची. आता गावातली लग्नेही अशा भाड्याच्या जागांवर होतात. या जागांच्या भाडेकरारात एक अट अलीकडे वारंवार दिसते : संगीताचा परवाना आणि त्याचे शुल्क ही यजमानांची जबाबदारी. मी वकिली करतो. त्यामुळे सोयरे-शेजारी असा कागद माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, “वकीलसाहेब, हळदीला गाणी वाजवायची तर त्याचेही पैसे भरायचे का?”

उत्तर देण्याआधी एका गाण्यात किती मालक असतात ते पाहावे लागते. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचे. कायदा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मानतो. बेंजो पार्टीने सिनेमाचे गाणे वाजवले तर ती चाल वापरते. डीजेने तेच गाणे लावले तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण तिन्ही वापरली जातात. मुदतीही वेगळ्या. शब्द आणि चालीचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षे. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले आणि सुधीर फडके २००२ साली. म्हणजे ‘गीतरामायणा’चे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील, चाली मात्र २०६२ अखेरपर्यंत होणार नाहीत. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ च्या जानेवारीपासून कुणीही छापू शकतो.

आता हळदीकडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ हे सामान्य माणसाचे कलम आहे. कोणत्या वापराला हक्कभंग म्हणायचे नाही याची यादी त्यात आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात एक खंड आला, ‘झेडए’. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे गायले, वाजवले किंवा त्याचे ध्वनिमुद्रण लावले तर हक्कभंग होत नाही. पुढे स्पष्टीकरण आहे की धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळेही येतात. हळद यात बसत नसेल तर काय बसते? माझ्या मते हळदीच्या गाण्याला परवाना लागत नाही, मग ती अंगणात असो वा फार्महाउसवर.

मग करारात ती अट का? कारण कलम ५१. हक्कभंग होणाऱ्या कार्यक्रमासाठी नफ्याने जागा देणाराही त्या कलमाखाली दोषी ठरू शकतो. शिवाय कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. जागामालक घाबरतो आणि आपली भीती यजमानाच्या सहीखाली ढकलतो. त्याला फार दोष देता येत नाही. पण लग्नाच्या घाईत यजमान भांडत बसत नाही, पैसे भरून मोकळा होतो, आणि कायद्याने दिलेली सूट कागदावरच राहते.

सरकारने ही सूट लोकांपर्यंत पोचवायचा प्रयत्न केला नाही असे नाही. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने जाहीर सूचना काढून लग्नसमारंभाची ही सूट आठवून दिली. तिच्या आधारे गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढले. त्याविरुद्ध फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीने शुल्क घेणारी संस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. बातमी वाचून अनेकांचा समज झाला की आता लग्नातही पैसे लागणार. तसे नाही. कायद्यातली सूट जागेवरच आहे. न्यायालयाचा आक्षेप असा की कायद्याचा अर्थ परिपत्रकाने वाढवता येत नाही. केंद्राच्या २०१९ सालच्या अशाच एका सूचनेचे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात २०२२ साली असेच झाले होते. न्यायालयांचे तत्त्व बरोबर आहे. पण परिणाम असा की ‘झेडए’ तुमच्या हळदीला लागू आहे की नाही हे तुम्हीच, तुमच्या खर्चाने, न्यायालयात सिद्ध करायचे. कोणता नवरदेव त्यासाठी थांबेल?

एक हत्यार मात्र आहे. कलम ६० नुसार, हक्कभंगाच्या नावाखाली कुणी निराधार कारवाईची धमकी दिली तर आपणच दिवाणी दावा लावून ती धमकी बेकायदा ठरवून घेऊ शकतो, नुकसानभरपाईही मागू शकतो. हे कलम फारसे कुणाला ठाऊक नसते.

ही झाली मांडवातली गोष्ट. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली, आणि भारतातला पहिला मोबाइल कॉल लागला तो त्याच वर्षी ३१ जुलैला. म्हणजे सूट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांडव होता. मांडवातून दुबईच्या मामाला दिसणारे थेट प्रक्षेपण नव्हते. तरी ते प्रक्षेपण समारंभ चालू असतानाच होते, त्यामुळे ‘झेडए’त बसते असा युक्तिवाद करता येतो. दुसऱ्या दिवशी चढवलेल्या व्हिडिओबद्दल तसे म्हणणे कठीण. आणि असा युक्तिवाद ऐकायला तिथे कुणी बसलेलेही नसते. आमच्या नात्यातल्या एका हळदीत धवलारणीने धवले म्हटले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती गाणी, त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. पण मागे बेंजोवर एक सिनेमाची चाल चालू होती. व्हिडिओ चढवल्यावर संपूर्ण आवाजच बंद झाला, धवलारणीसकट. यंत्राला चाल ओळखता येते. ती हळदीत वाजत होती की जाहिरातीत, हे त्याला कळत नाही.

माणसाने तक्रार केली असेल तर निदान कायदा वेळ ठरवून देतो. हक्कदाराच्या लेखी तक्रारीवर मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर रोखायचा, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो परत दाखवायला मोकळीक आहे. यंत्राने केलेली कारवाई मात्र या मोजपट्टीत येत नाही. ती मंचाच्या अटींखाली होते, आणि त्या अटी आपण न वाचता मान्य केलेल्या असतात.

अटींचे हेच राज्य कर्जत लोकलमध्येही आहे. ॲपवर ‘डाउनलोड’ करून ठेवलेली गाणी आपली, असे प्रवाशाला वाटते. टिप्स कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात ॲपच्या बाजूने म्हटले गेले की ग्राहक गाणे साठवतो ते खाजगी वापरासाठी, म्हणून कलम ५२ लागू. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ते मानले नाही. पैसे घेऊन गाणी पुरवणारी कंपनी ग्राहकाच्या खाजगी वापराआड लपू शकत नाही, असा त्याचा आशय, आणि तो मला पटतो. पण नाण्याची दुसरी बाजू ग्राहकाला २०२४ साली दिसली. विंक बंद झाले आणि त्यावर जपून ठेवलेली गाणी त्याबरोबर गेली. दादरहून आणलेली कॅसेट कंपनी बुडाली म्हणून कपाटातून नाहीशी होत नसे. अमेरिकेत २००९ साली ॲमेझॉनने किंडलवरून ऑर्वेलची विकलेली पुस्तके परत काढून घेतली, त्यात ‘१९८४’ होते. विक्रीची पावती असली तरी व्यवहार परवान्याचा होता.

एका बाबतीत मात्र यजमानच मालक असतो, आणि बहुतेकांना ते माहीत नसते. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा आणि चित्रीकरणाचा पहिला मालक, कलम १७ नुसार, काम सांगणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. अर्थात उलट करार नसेल तर. म्हणून अल्बमच्या पावतीमागची बारीक अक्षरे वाचायला हवीत, कारण ‘फोटो जाहिरातीसाठी वापरू’ अशी ओळ तिथेच दडलेली असते. धवलारणीचाही हक्क आहे. कलाकार म्हणून तिच्या गायनावर ५० वर्षे तिचा अधिकार, गाणे कितीही जुने असले तरी. तिचा व्हिडिओ चढवायचा तर आधी तिला विचारा, आणि ते चित्रीकरण बेंजो थांबलेला असतानाच करा. भाडेकरारातल्या त्या अटीपुढे मी आता चार शब्द जोडून घेतो : ‘कायद्याने परवाना आवश्यक असल्यास’. आजवर एकाही जागामालकाने त्यावर सही करायला नकार दिलेला नाही.