एका गव्हाणीवर सिंह आणि कोकरू

गोव्याहून नोव्हेंबर 1579 मध्ये निघालेले जेझुइट पाद्री पुढच्या वर्षी फत्तेपूर सिक्रीला पोचले. तिथे त्यांनी अकबराला अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातले बहुभाषी बायबल नजर केले. 1568 ते 1572 या काळात आठ खंडांत छापलेला हा ग्रंथ विद्वत्तेचा डोंगर आहे; पण त्याचे दर्शनी पान राजकारणाचा कागद म्हणूनही वाचायला हवे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या त्या चित्रात उंच खांबांच्या कमानीत सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीपाशी आहेत. यशया संदेष्ट्याने सांगितलेले शांतीचे राज्य ते हेच. त्याच पानावर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या धर्मनिष्ठेचा गौरवही आहे.

धर्मग्रंथावर धर्मग्रंथातलेच चित्र असणार, त्यात राजकारण कसले, असे कोणी म्हणेल. उत्तर सनावळीत आहे. छपाई सुरू झाली त्याच 1568 साली फिलिपच्या आल्बा या सेनापतीने ब्रसेल्सच्या भर चौकात एग्माँट आणि होर्न या सरदारांचा शिरच्छेद करवला. ज्या अँटवर्पमध्ये ते कोकरू निर्धास्त छापले गेले, ते शहर 1576 मध्ये स्पॅनिश सैनिकांनीच लुटले. खुद्द छापखानदार प्लांतँवर पूर्वी पाखंडाचा संशय आला होता, त्यामुळे राजाश्रय ही त्याची ढाल होती. म्हणून हे चित्र मला निव्वळ खुशामत वाटत नाही. ते राजाची स्तुती करते आणि त्याने कसे वागावे हेही चारचौघांत सांगते. शिवाय एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघाल्या की असे वचन परत घेता येत नाही.

हीच जनावरे पुढे मुघल चित्रांत दिसतात. सुमारे 1618 मध्ये अबुल हसनने काढलेल्या चित्रात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो. जहांगीर सिंहावर उभा, अब्बास कोकरावर, आणि सिंहाने कोकराला पश्चिमेकडे रेटलेले. न्यायी राजाच्या राज्यात वाघ-शेळी एका पाणवठ्यावर येतात ही कल्पना इकडे आधीपासून होतीच, मग त्यासाठी अँटवर्प कशाला, हा आक्षेप रास्त आहे. एबा कोख यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र या मुघल जोडीचा माग त्या छापील पानापर्यंत काढला आहे. कल्पना ओळखीची होती, म्हणूनच परके चित्र दरबारात इतक्या सहज रुजले.

1622 मध्ये त्याच अब्बासने जहांगीरकडून कंदाहार घेतले. स्पॅनिश आणि मुघल अशा दोन्ही सत्तांनी शांतीचे चित्र मिरवले आणि दोन्हीकडे इतिहासाने ते खोटे पाडले. तरी त्या चित्रांचे मोल घटत नाही. सत्तेने स्वतःच मान्य केलेली कसोटी त्यांत नोंदलेली आहे, आणि तिच्यावर सत्तेला तपासण्याचा हक्क पाहणाऱ्याला आहे.